व्हीएमची डिस्क किती भरलीय? कोणाला विचारताय त्यावर आहे

२०२४ चा २० जुलै, शनिवार होता आणि जीएसटीचं थ्री-बी रिटर्न भरायची शेवटची तारीख. मी घाटकोपरला मेट्रोच्या जिन्यावर, एका हातात गळणारी छत्री, आणि मरोळच्या ऑफिसातून अकाउंट्सच्या मॅडमचा फोन. "सर, सर्व्हर मेलाय. माऊस हलतोय पण काही उघडतच नाहीये." ठेवतो न ठेवतो तोच आमच्या ज्युनिअरचा. "दादा, होस्टवर डिस्क फुल्ल दाखवतंय. पण कसं शक्य आहे, काल संध्याकाळीच मी डी ड्राइव्हमधून ६० जीबी उडवलेत, १४० जीबी फ्री दिसत होते मला!" मेट्रोत चढलो तर साहेबांचा व्हॉट्सअ‍ॅप, "आपण २ टीबी घेतलेले ना? कुठे गेले?"

गंमत म्हणजे तिघंही खरं बोलत होते. मॅडमचा सर्व्हर खरंच थांबलेला, ज्युनिअरला खरंच १४० जीबी मोकळे दिसलेले, आणि साहेबांनी २ टीबीचं बिल खरंच भरलेलं. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, हा एका खऱ्या मशीनवर सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर, आमचे सर्व्हर असेच आहेत. त्यांच्या डिस्कचं हे असंच असतं, एकच डिस्क पण ती कुठून बघताय त्यावर आकडा बदलतो, आणि आपण बहुतेक वेळा चुकीच्या जागेवरून बघत असतो. हे त्या दिवशी मला माझ्याच निष्काळजीपणामुळे नीट उमगलं (तो भाग पुढे येईलच), म्हणून सगळं लिहून काढतोय.

आधी अगदी मूळ गोष्ट. व्हीएमला वाटतं की तिच्याकडे खरीखुरी हार्डडिस्क आहे. आत विंडोज असू दे नाहीतर लिनक्स, त्याला सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह सगळं दिसतं. पण खाली, म्हणजे जिच्यावर ही व्हीएम चालतेय त्या खऱ्या मशीनवर, होस्टवर, ती अख्खी हार्डडिस्क म्हणजे फक्त एक मोठ्ठी फाइल असते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये तिला व्हीडीआय म्हणतात, व्हीएमवेअरमध्ये व्हीएमडीके, हायपर-व्हीमध्ये व्हीएचडीएक्स आणि लिनक्सच्या केव्हीएमवर बहुतेकदा क्यूकाऊ-टू. नावं वेगळी, भानगड तीच.

आता एकच फाइल असली तरी आकडे तीन होतात. एक, आपण डिस्क बनवताना कबूल केलेली साइज, समजा ५०० जीबी. दोन, आतल्या विंडोजच्या हिशोबाने किती भरलंय. आणि तीन, ती फाइल खाली होस्टवर प्रत्यक्षात किती जागा खाऊन बसलीय. आमच्या अकाउंट्सच्या व्हीएमचे त्या दिवशीचे आकडे सांगतो. कबूल केलेले ५०० जीबी. आत सी आणि डी मिळून भरलेले ३२५. आणि खाली होस्टवर खाल्लेले ७०० जीबी! म्हणजे ५०० च्या डिस्कमध्ये ३२५ चा माल आणि तो ठेवायला ७०० ची जागा. हे वाचून "काहीतरी चुकतंय" असं वाटलं ना? मलाही मेट्रोत फोनवर आकडे ऐकताना तसंच वाटलेलं, मी ज्युनिअरला दोनदा परत वाचायला लावले.

तर डिस्क बनवताना दोन मार्ग असतात. थिक आणि थिन. थिकमध्ये ५०० म्हटलं की होस्ट पहिल्याच दिवशी ५०० बाजूला काढून ठेवतो, आत एक फाइल असो वा नसो. त्यातही व्हीएमवेअरमध्ये दोन पोटप्रकार आहेत, लेझी झिरोड आणि ईगर झिरोड. ईगरमध्ये डिस्क बनवतानाच सगळ्या जागेवर शून्यं लिहून ठेवतात, म्हणून बनवायला वेळ लागतो, लेझीमध्ये ते काम पहिल्यांदा त्या जागेवर काही लिहायची वेळ येईल तेव्हा करतात. रोजच्या कामात हा फरक फार जाणवत नाही, सोडून देऊ.

थिन मात्र समजून घ्यायलाच हवं कारण हल्ली सगळीकडे तेच असतं. थिनमध्ये व्हीएमला सांगायचं "तुझ्याकडे ५०० आहेत हां", पण प्रत्यक्षात फाइल सुरुवातीला काही एमबीची, आणि आत जसजसं लिहिलं जाईल तसतशी ती फुगते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये यालाच डायनॅमिकली अलोकेटेड म्हणतात. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी आठवा. प्रत्येक फ्लॅटमध्ये नळ आहे, प्रत्येकाला वाटतं पाणी आपलंच, आणि टाकी काही सगळ्यांनी एकदम तासभर नळ सोडला तर पुरेल अशी बांधलेली नसते, तरीही चालतं कारण सगळे एकदम सोडत नाहीत. पण यातली खरी मेख वेगळी आहे, किचनमधल्या नळाला टाकीत किती पाणी उरलंय ते कळत नाही. तो सोडला की धो धो येतो, येतो, येतो, आणि मग फुस्स. थिन डिस्कवरच्या विंडोजचं अगदी हेच. त्याला आत १४० जीबी फ्री दिसतात, तो बिनधास्त लिहायला जातो आणि खाली होस्टकडे एक एमबी पण नसतो.

तेव्हा काय होतं? होस्ट शहाणा असेल तर व्हीएमला आहे तिथे पॉज करतो. व्हीएमवेअर ईएसएक्सआय (आमच्या होस्टवर हेच आहे) करतो, केव्हीएमसुद्धा जागा संपल्याची एरर आली की बाय डिफॉल्ट पॉजच करतो, हायपर-व्हीमध्ये स्टेटसला पॉज्ड-क्रिटिकल असं लिहून येतं. म्हणून मॅडमचा माऊस हलत होता, तो त्यांच्या स्वतःच्या पीसीचा माऊस, पलीकडचा सर्व्हर पुतळा होऊन उभा. आणि खरं सांगायचं तर पॉज होणं हे चांगलं आहे, लिहायला जागा नसताना विंडोज तसंच रेटत राहिलं असतं तर डेटाबेसची वाट लागली असती.

आता आमच्या होस्टचा हिशोब. २ टीबीच्या दोन डिस्क, एकमेकींची कॉपी ठेवणाऱ्या, म्हणजे वापरायला २ टीबीच. त्याचे दिसतात १८६२ जीबी, कारण डिस्क बनवणारा १००० च्या पटीत मोजतो आणि आपलं सॉफ्टवेअर १०२४ च्या. साहेबांना मी हे कार्पेट आणि सुपर बिल्टअपच्या भाषेत सांगितलं, लगेच पटलं त्यांना, फ्लॅट घेताना पोळलेला माणूस आहे. फक्त फ्लॅटमध्ये २०१७ ला महारेरा आल्यापासून कार्पेट सांगावाच लागतो, डिस्कवाल्यांना तसं कोणी विचारत नाही.

या १८६२ वर पाच व्हीएम. अकाउंट्सला ५०० कबूल, फाइल सर्व्हरला ८००, डोमेन कंट्रोलरला (सगळ्यांचे लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) २००, हजेरीच्या मशीनच्या सॉफ्टवेअरला ४००, आणि एक टेस्टिंगची तिला ६००. बेरीज करा, २५००. खिशात १८६२ आणि वचनं २५०० ची. हे पाप नाही, थिनचा सगळा मुद्दाच तो आहे की कोणीही मागितलेली सगळी जागा वापरत नाही. पण मग टाकीकडे कोणीतरी रोज बघायला पाहिजे, आणि आमच्याकडे तो कोणीतरी मी होतो.

ज्युनिअरने ६० जीबी उडवले त्याचं काय झालं, ते बघू. पोराचं लॉजिक साधं होतं, जागा कमी पडतेय तर जुने बॅकअप डिलीट करू. घरच्या लॅपटॉपवर बरोबर आहे. व्हीएममध्ये नाही. कारण विंडोज फाइल डिलीट करतं म्हणजे तो भाग पुसत नाही, स्वतःच्या रजिस्टरमध्ये त्या जागेपुढे "रिकामी" असं लिहितं, बस. सोसायटीच्या खालच्या बोर्डावरून भाडेकरूचं नाव काढलं म्हणून वर खोलीतलं त्याचं सामान जात नाही ना, तसं. होस्टला आतलं रजिस्टर वाचता येत नाही, त्याला एवढंच माहीत की या ब्लॉकवर (डिस्कच्या छोट्या तुकड्यावर) कधीतरी काहीतरी लिहिलं गेलंय, म्हणजे तो ब्लॉक वापरात आहे. म्हणून थिन फाइल फुगते ती फुगते, आपणहून आकसत नाही.

मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला, त्यानंतर कुर्ला, कलिना भागात कितीतरी बैठ्या घरांच्या भिंतींवर पाणी कुठवर चढलेलं त्याची रेघ राहिलेली. पाणी उतरलं, रेघ तिथेच. थिन डिस्कची होस्टवरची साइज म्हणजे ती रेघ. आत आज किती पाणी आहे ते ती सांगत नाही, आजवर कमाल किती चढलं ते सांगते. वर आणखी एक, आतलं भरलेलं कायम ३०० च्या आसपास असलं तरी रेघ वर सरकू शकते, कारण फाइल सिस्टीम (ओएसचा फाइली कुठे ठेवायच्या ते सांभाळणारा भाग) नवीन फाइल ठेवताना जुन्या मोकळ्या केलेल्या जागेतच ठेवेल असं नाही, कोऱ्या जागेतही ठेवते, आणि प्रत्येक कोरा ब्लॉक म्हणजे होस्टवर नवीन जागा.

यावर इलाज आहे, नाही असं नाही. आतल्या ओएसने खाली निरोप द्यायचा की "हे हे ब्लॉक आता मला नकोत". याला ट्रिम म्हणतात, डिस्कार्ड म्हणतात, स्टोरेजवाले अनमॅप म्हणतात, तिन्ही एकाच जातीचे. विंडोजमध्ये ड्राइव्ह ऑप्टिमाइझ करताना तो जातो, उबंटूसारख्या लिनक्समध्ये एफएस-ट्रिम आठवड्यातून एकदा आपोआप चालतं. फक्त निरोप निघून उपयोग नाही, मधल्या प्रत्येकाने तो खाली पोचवला पाहिजे. केव्हीएमवर डिस्कच्या सेटिंगमध्ये डिस्कार्ड अनमॅपवर ठेवलं नसेल तर निरोप तिथेच अडकतो. व्हीएमवेअरवर डिस्क थिन लागते आणि व्हीएमचं व्हर्च्युअल हार्डवेअर फार जुनं असून चालत नाही. आमची व्हीएम कोणे एके काळी बनवलेली, त्यामुळे निरोप-बिरोप काही नाही.

निरोप जात नसेल तर जुनी गावठी पद्धत. आतली सगळी मोकळी जागा शून्यांनी भरायची, विंडोजवर एसडिलीट नावाचं मायक्रोसॉफ्टचंच छोटं टूल आहे त्याला झेड ऑप्शन देऊन, लिनक्सवर झिरोफ्री, आणि मग व्हीएम बंद करून होस्टवरून फाइल दाबून घ्यायची, म्हणजे कॉम्पॅक्ट. व्हर्च्युअलबॉक्समध्ये व्हीबॉक्समॅनेजला कॉम्पॅक्ट सांगायचं, हायपर-व्हीत ऑप्टिमाइझ-व्हीएचडी. पण थांबा, शून्यं भरणं हेही लिहिणंच आहे! अनेक ठिकाणी ती थिन फाइल आधी पूर्ण ५०० पर्यंत फुगते आणि मग दाबल्यावर खाली येते. म्हणजे होस्टवर जागा नाही म्हणून तुम्ही हे करायला जाल तर अर्ध्यात व्हीएम पॉज. जागा करायला आधी जागा लागते, वन बीएचके आवरण्यासारखंच आहे ते, सगळं आधी पलंगावर काढून ठेवावं लागतं.

बरं, ज्युनिअरने नुसतं डिलीट करून सोडलं असतं तरी एवढं झालं नसतं. त्याने त्यानंतर डीफ्रॅग लावलं. रात्रभर. "म्हटलं दादा, सगळं नीट लावून ठेवावं." आणि इथे माझं पाप येतं.

एप्रिलमध्ये विंडोजचे अपडेट टाकायच्या आधी मी त्या व्हीएमचा स्नॅपशॉट घेतलेला. अपडेट नीट झाले, दोन दिवसांनी काढतो म्हटलं, आणि विसरलो. तीन महिने.

स्नॅपशॉटबद्दल लोकांचा हमखास गैरसमज असा की ती डिस्कची कॉपी असते, कुठेतरी बाजूला ठेवलेली. तसं नाहीये. स्नॅपशॉट घेतला की मूळ फाइल त्या क्षणाला गोठते, तिच्यात आता कोणी काही लिहायचं नाही. आणि त्यानंतर जे काही लिहिलं जाईल ते एका नवीन फाइलमध्ये, तिला डेल्टा म्हणतात. आर्किटेक्ट मूळ नकाशावर बटर पेपर टाकून त्यावर बदल काढतो ना, अगदी तसं. वरून बघणाऱ्याला एकच चित्र दिसतं, बटर पेपरवर रेघ असेल तर ती, नसेल तर खालची. स्नॅपशॉट घ्यायला दोन सेकंद लागतात आणि जागाही लागत नाही, म्हणून लोक सढळ हाताने घेतात. पण पुढे बटर पेपर भरत जातो. मूळ डिस्कवरचा जो ब्लॉक पहिल्यांदा बदलाल त्याची नवीन आवृत्ती डेल्टात जाते, आणि डेल्टा वाढत वाढत मूळ डिस्कच्या पूर्ण साइजएवढी होऊ शकते. एक स्नॅपशॉट म्हणजे सगळ्यात वाईट वेळी ५०० चे १०००.

आता डीफ्रॅग काय करतं? विखुरलेल्या फाइलींचे तुकडे उचलून एकापुढे एक लावतं. डेटा तोच, पण जागा बदलली म्हणजे होस्टच्या दृष्टीने सगळं नवीन लिखाण, आणि सगळं गेलं डेल्टात. संध्याकाळी डेल्टा नक्की किती होता ते बघितलेलं नाही, सकाळी तो ३१० जीबी होता. आणि ते उडवलेले ६० जीबी? ते गोठलेल्या मूळ फाइलमध्ये आरामात बसलेले. स्नॅपशॉट आहे तोवर त्यांना हात लागत नाही, लागूच नये, त्यासाठीच तर तो घेतलेला असतो.

मूळ फाइल ३९० आणि डेल्टा ३१०, म्हणून ७००. फाइल सर्व्हर ६१०, डोमेन ११०, हजेरी १६०, टेस्टिंग १८०. झाले १७६०. वर प्रत्येक चालू व्हीएमची एक स्वॅप फाइल असते, होस्टची रॅम कमी पडली तर वापरायला, तिला दिलेल्या रॅमएवढी (रॅम रिझर्व्ह केली असेल तर तेवढी वजा), आमच्या पाचांची मिळून ८० जीबी. हा खर्च कोणाच्याच शीटमध्ये नसतो. वर १२ जीबीच्या इन्स्टॉलेशनच्या आयएसओ फाइली, कोणी टाकल्या देव जाणे, आणि लॉग वगैरे चिल्लर. भरले १८६२.

मरोळ नाक्याला उतरून ऑफिसात पोचलो तेव्हा स्क्रीनवर ईएसएक्सआय विचारत होता, या व्हर्च्युअल डिस्कसाठी जागा उरली नाही, जागा करून रिट्राय दाबा नाहीतर कॅन्सल. ज्युनिअरचं बोट माऊसवर. म्हटलं कॅन्सल दाबू नकोस बाबा, कॅन्सल म्हणजे व्हीएमचा प्लग खेचणं. आणि पॉज झालेल्या व्हीएममध्ये शिरून काही डिलीट करायचा प्रश्नच नाही, ती चालूच नाहीये. जागा बाहेरूनच करायची. टेस्टिंगची व्हीएम बंद केली, तिला ३२ जीबी रॅम दिलेली, बंद होताच तिची स्वॅप फाइल गेली, ३२ जीबी सुटले. एकही डेटा फाइल न हलवता! ही युक्ती लक्षात ठेवा, अडल्या वेळी कामी येते. आयएसओचे १२ उडवले. एकूण ४४. रिट्राय दाबलं आणि मॅडमचा सर्व्हर जिथे थांबलेला तिथून पुढे चालू, उघडी एंट्रीसुद्धा तशीच होती. मॅडमनी मान वर न करता काम सुरू केलं.

४४ जीबी म्हणजे श्वास घेण्यापुरते. खरं काम स्नॅपशॉट काढायचं होतं आणि ते रिटर्न भरून झाल्याशिवाय करायची माझी हिंमत नव्हती. साहेब तेवढ्यात मागे येऊन उभे. स्क्रीनवर "डिलीट स्नॅपशॉट" वाचून म्हणाले, "अहो डिलीट केलंत तर एप्रिलपासूनचं सगळं जाईल ना?" चुकीचा प्रश्न नाही तो, शब्दच भीतीदायक ठेवलाय. स्नॅपशॉट डिलीट करणं म्हणजे बटर पेपरवरच्या रेघा मूळ नकाशावर गिरवून मग बटर पेपर फेकणं. काहीही जात नाही. रिव्हर्ट करणं म्हणजे बटर पेपर न गिरवता फाडून टाकणं, त्यात मात्र तीन महिन्यांच्या एंट्र्या गेल्या असत्या. मेन्यूत दोन्ही एकमेकांच्या शेजारी असतात. शनिवारी, उपाशीपोटी, या दोनांत क्लिक करायची वेळ शत्रूवरही येऊ नये.

गिरवण्याचा हिशोबही आधी करावा लागतो. आमची मूळ फाइल थिन होती, ३९० ची. डेल्टातले बदल तिच्यात जाताना ती वाढणार, जास्तीत जास्त ५०० पर्यंत, आणि काम संपेपर्यंत ३१० चा डेल्टाही जागेवरच. म्हणजे मधल्या वेळात आणखी ११० जीबीपर्यंत लागू शकतात आणि माझ्याकडे ४४. म्हणून दुपारी टेस्टिंगची १८० जीबीची व्हीएम उचलून ऑफिसच्या नॅसवर (नेटवर्कवरच्या वेगळ्या स्टोरेजच्या डब्यावर) टाकली. संध्याकाळी मॅडमचं रिटर्न गेलं, रात्री आठला व्हीएम बंद केली, स्नॅपशॉट डिलीट लावला आणि खाली जाऊन भुर्जीपाव खाऊन आलो. जवळजवळ चार तास चालला तो. एक सांगतो, प्रोग्रेस बार ९९ टक्क्यांवर बराच वेळ अडकल्यासारखा दिसतो, तिथे हात शिवशिवतात, तरी मध्ये रीस्टार्ट करू नका. शेवटी ७०० ची फाइल ४६५ वर आली. ३२५ वर नाही, रेघ राहतेच की. व्हीएमवेअर स्वतः म्हणतं की एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका. माझा तीन महिन्यांचा होता, जाऊ दे.

नॅसवर कॉपी करतानाची एक गोष्ट राहिली. थिन फाइलमध्ये भोकं असतात, म्हणजे न लिहिलेली जागा, ती फाइल सिस्टीम साठवतच नाही, नुसती नोंद ठेवते की इथे काही नाही. लिनक्सवर बघायचं असेल तर एलएस ने लांबलचक लिस्ट काढा, ती पूर्ण साइज दाखवते, आणि त्याच फाइलवर डीयू चालवा, ते खरी खाल्लेली जागा दाखवतं. क्यूकाऊ-टूसाठी क्यूईएमयू-आयएमजी इन्फो दोन्ही आकडे एकाखाली एक देतं, व्हर्च्युअल साइज आणि डिस्क साइज. पण कॉपी करणाऱ्या टूलला ही भोकं कळत नसतील तर तो प्रत्येक भोकात इमानदारीत शून्यं भरत जातो, एससीपी असंच करतं, आणि १८० ची फाइल पलीकडे ६०० ची होऊन उतरते. आरसिंक वापरत असाल तर स्पार्सचा ऑप्शन द्या. होस्टच्याच टूलने एक्स्पोर्ट केलेलं सगळ्यात बरं.

हे फक्त सर्व्हररूमचं दुखणं नाही हां. विंडोज लॅपटॉपवर डब्ल्यूएसएल टू (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) वापरणाऱ्या डेव्हलपर मंडळींनी आपला सी ड्राइव्ह बघावा. आत लिनक्स आहे म्हणजे आत व्हीएम आहे, आणि तिची डिस्क म्हणजे एक व्हीएचडीएक्स फाइल, तुमच्या यूजर फोल्डरमध्ये खोल कुठेतरी. डॉकरच्या इमेजेस काढून टाकल्या तरी सी ड्राइव्हवर जागा का येत नाही, तर हेच कारण. डब्ल्यूएसएल शटडाउन करून डिस्कपार्टमधून ती फाइल कॉम्पॅक्ट करावी लागते.

लिनक्स व्हीएमच्या आत आणखी दोन फसवे आकडे आहेत, पटकन सांगतो. डीएफ (अख्ख्या डिस्कवर किती भरलंय ते सांगणारी कमांड) म्हणतं फुल्ल आणि डीयूची बेरीज भरत नाही, तर बहुतेकदा कोणीतरी चालू प्रोग्रामची लॉग फाइल डिलीट केलेली असते, प्रोग्रामने ती अजून धरून ठेवलीय, तो रीस्टार्ट होईपर्यंत जागा सुटत नाही, एलएसओएफने कोण धरून बसलंय ते दिसतं. आणि ईएक्सटी-फोर या लिनक्सच्या फाइल सिस्टीममध्ये साधारणपणे ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे अ‍ॅडमिन यूजरसाठी, बाजूला असते, ५०० जीबीला २५ जीबी, ती गायब झाली म्हणून शोधत बसू नका.

सोमवारी ऑफिसला गेलो तर मॅडम वाटच बघत होत्या. "सर, आता जागा झालीय ना, मग डी मध्ये अजून शंभर जीबी द्या." माणसाचा स्वभाव. स्नॅपशॉट असेपर्यंत व्हीएमवेअर डिस्क वाढवूच देत नाही, तो अडथळा आता गेलेला. पण "जागा वाढवणं" म्हणजे होस्टवर आकडा बदलणं असं लोकांना वाटतं, तर ते एक तृतीयांश काम आहे. होस्टवर ५०० चे ५५० केले की व्हीएमला डिस्क मोठी दिसते, पण पार्टिशन (सी, डी सारखा डिस्कचा पाडलेला भाग) जुन्याच साइजचं असतं, आणि पार्टिशन वाढलं तरी आत फाइल सिस्टीमला ते सांगावं लागतं. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये शेवटचे दोन एकत्र होतात, फक्त नवीन जागा त्या ड्राइव्हला अगदी खेटून पाहिजे. सी वाढवायला जाल आणि मध्ये रिकव्हरी पार्टिशन बसलं असेल तर एक्सटेंडचा ऑप्शनच करडा दिसतो. लिनक्सवर एलव्हीएम (पार्टिशन आणि फाइल सिस्टीमच्या मधला थर) असेल तर आणखी एक मजला, आधी पार्टिशनसाठी ग्रोपार्ट, मग पीव्ही-रिसाइझ, मग एलव्ही-एक्सटेंड, मग ईएक्सटी-फोर असेल तर रिसाइझ-टू-एफएस आणि एक्सएफएस असेल तर एक्सएफएस-ग्रोएफएस. वर चढायला जिना आहे, उतरायला नाही, एक्सएफएस लहान करता येत नाही असंच धरून चाला. म्हणून मी मागितलेल्याच्या निम्मंच देतो, नंतर वाढवून देता येतं.

आमच्या नशिबाने डी सगळ्यात शेवटी होता. ५० दिले. मॅडम म्हणाल्या, "शंभर सांगितलेले." मी त्यांना डी मधलं "जुनं बॅकअप २०१९ फायनल न्यू" नावाचं फोल्डर उघडून दाखवलं, ७१ जीबीचं. "ते ठेवा हं सर, लागतं कधीकधी."